कडू कंदाचा धडा

मे २०२३ मध्ये कोलंबियातल्या ॲमेझॉनच्या रानात एक छोटं सेस्ना विमान कोसळलं. त्यातली तिन्ही मोठी माणसं गेली, पोरांची आईसुद्धा. उरली चार भावंडं. थोरली तेरा वर्षांची, धाकटी अकरा महिन्यांची. धाकटीचा पहिला वाढदिवस रानातच उलटला. ९ जूनला, चाळिसाव्या दिवशी, लष्कराचे जवान आणि आदिवासी वाटाडे त्यांच्यापर्यंत पोचले, तेव्हा चौघंही जिवंत होती. जगानं चमत्कार म्हणून टाळ्या वाजवल्या.

माझं लक्ष मात्र पिठाकडे गेलं. थोरलीनं पडलेल्या विमानातून कसाव्याचं भाजकं पीठ काढून घेतलं आणि ते पुरवून पुरवून चौघांनी खाल्लं. कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा आपण उपासाला खातो तोच कंद. त्याच्या कडू जातीत सायनाइड असतं. किसून, पिळून, भाजून ते घालवावं लागतं आणि हे कुण्या एका हुशार माणसाचं काम नव्हे, पिढ्यांचं आहे. पीठ संपल्यावर पोरं फळांवर आणि बियांवर जगली. कुठलं फळ तोंडात घालायचं आणि कुठलं नाही, हे थोरलीला आजीकडून आलेलं होतं.

आपल्याकडच्या रानातल्या बायांना यात नवल वाटणार नाही. इथलाही कडू कंद तसाच खाल्ला तर घसा धरतो, माणूस आडवा होतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, शिजवायच्या, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या नाल्यात ठेवायच्या, मग खायच्या. पुस्तकात वाचून हे जमत नाही. चकती किती पातळ, पाणी किती वाहतं हवं, हे हातालाच कळावं लागतं.

कोलंबियातल्या अपघाताच्याही आधीची गोष्ट युलियाने क्योपकेची. २४ डिसेंबर १९७१. पेरूमध्ये लिमाहून पुकाल्पाला निघालेलं लान्सा कंपनीचं विमान वादळात सापडलं, त्यावर वीज पडली आणि ते हवेतच फुटलं. सतरा वर्षांची युलियाने तीन आसनांच्या रांगेला पट्ट्यानं बांधलेली, साधारण तीन किलोमीटर उंचीवरून खाली आली. विमानातल्या ९२ जणांपैकी तीच एकटी वाचली. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, दंडाला जखम, चष्मा हरवलेला, एकाच पायात चप्पल. खायला थोड्या गोळ्या. अकराव्या दिवशी ती माणसांत आली.

खाली पडूनही ती मेली नाही, हा नशिबाचा भाग. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पुढचे दिवस मात्र नशिबाचे नव्हते. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी १९६८ मध्ये पांगुआना नावाचं संशोधन केंद्र थेट जंगलात काढलं होतं आणि पोरगी दीडेक वर्ष तिथं राहिलेली. पाण्याच्या कडेनं खाली जात राहिलं की माणसं भेटतात, हे वडिलांनी शिकवलेलं. उथळ पाण्यात स्टिंगरे मासा वाळूत दडून बसतो, म्हणून काठी आपटत चालायचं, हेही घरचंच. होआत्झिन पक्षी मोकळ्या पाण्याकाठी घरटं करतो, हे तिला ठाऊक. त्याची ओरड ऐकली तेव्हा मोठी नदी जवळ आल्याचं तिनं ओळखलं. दंडाच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. एका होडीजवळ पेट्रोल मिळालं, ते तिनं जखमेत ओतलं आणि अळ्या उपसून काढल्या. घरच्या कुत्र्यावर वडिलांनी असाच उपचार केलेला तिनं पाहिला होता.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. युलियानेची आई त्याच विमानात होती. रान तिला मुलीहून कितीतरी जास्त कळत होतं. तीही खाली जिवंत पडली, पण जखमी असल्यानं हलू शकली नाही आणि काही दिवसांनी गेली, असं युलियानेनं पुढे सांगितलं. रान कळूनही जीव जातो, हे चंद्रपूरच्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांना काय रान कळत नव्हतं? रानाची माहिती म्हणजे चिलखत नव्हे. आदिवासी म्हणजे रानात सुखी, असं शहरात बसून म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

पण त्या माहितीशिवाय तर काहीच हाती नाही. आणि आपण ती पोरांपर्यंत पोचूच देत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड, एटापल्लीकडचं सहा वर्षांचं पोर आश्रमशाळेच्या वसतिगृहात जातं. वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (रानातली अळंबी) निघतात पावसाळ्यात, तेव्हा शाळा. मोह गळतो मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा परीक्षा. उन्हाळ्यात कोरड्या नाल्याच्या वाळूत झिरा कुठं खणायचा, हे कळायला आजीमागं महिनोन्महिने फिरावं लागतं. सुटीत पोराच्या वाट्याला येतो तो तेंदूपत्त्याचा हंगाम. म्हणजे रानातलं नेमकं तेवढंच, ज्याची ठेकेदाराला गरज आहे! बाकीचं रान त्याला परकं. आणि दहावीनंतर गणित, इंग्रजी पक्कं असतं म्हणावं, तर तेही नाही. शाळा नको असं मी म्हणत नाही. हेमलकशाची लोकबिरादरी शाळा १९७६ पासून चालू आहे, तिथून शिकलेली माडिया पोरं डॉक्टर, वकील झाली, ते शाळेमुळेच.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावनं वेगळी वाट काढली. ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिला गोंडी परंपरेतल्या गोटुलचंच नाव दिलं. शिक्षण विभागानं ती अनधिकृत ठरवली, बंद करा म्हणून नोटीस धाडली. ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठावावं लागलं. त्या शाळेच्या गुणवत्तेबद्दल वाद घालता येईल, जरूर घालावा. पण आपल्या पोरांनी काय शिकावं हे ठरवायला निघालेल्या गावाला सरकारकडून पहिली मिळाली ती नोटीस.

मोहगाव बाजूला ठेवू. गडचिरोली, अहेरी, भामरागड अशी आश्रमशाळांचा कारभार पाहणारी आदिवासी विकासाची तीन प्रकल्प कार्यालयं या एका जिल्ह्यात आहेत. उन्हाळी सुटीतले पंधरा दिवस कापून ते मोहाच्या हंगामात द्यायचे आणि तेवढे दिवस पोरांना घरी, आजीच्या हाताखाली पाठवायचं. याला नवा निधी लागत नाही, इमारत लागत नाही. मग कुणाची सही लागते, एवढं या तिघांपैकी एका तरी प्रकल्प अधिकाऱ्यानं सांगावं.