पाटीवर न दिसणारी तज्ज्ञता

जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा रुग्णावर आधी दम्याचे, मग रक्तक्षयाचे उपचार होतात आणि ‘पल्मोनरी हायपरटेन्शन’, म्हणजे हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतील वाढलेला दाब, हे निदान होईपर्यंत अनेकदा दोन वर्षे उलटलेली असतात. दंडाला पट्टा बांधून हा दाब मोजता येत नाही. म्हणूनच तो ओळखणारा डॉक्टर कोणत्या वाटेने येथवर आला, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडे हृदयरोगतज्ज्ञ होण्याचा मार्ग ठरलेला आहे. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन वर्षे एमडी, तीन वर्षे डीएम. साडेअकरा वर्षांच्या या प्रवासात या विकाराची वेगळी पदवी नाही. ती तज्ज्ञता नंतर, कामातून येते. कोणी जन्मजात हृदयदोषांच्या विभागातून येतो. हृदयातील छिद्र वेळेत न बुजवल्यास वाढलेला दाब पुढे कायमचा होतो, हे त्याने पाहिलेले असते. कोणी हृदय निकामी झालेल्यांवर उपचार करता करता इकडे वळतो, तर कोणी कॅथलॅबमधून.

इतिहासही असाच संमिश्र आहे. १९२९ मध्ये वर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हातातील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. ते पुढे मूत्रविकारांकडे वळले! त्या नळीतून दाब मोजण्याचे शास्त्र उभे केले न्यूयॉर्कच्या आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी, तेही फुप्फुसांच्या अभ्यासातून. तिघांना १९५६ चे नोबेल मिळाले. फुप्फुसांतील रक्तप्रवाहाचा अवरोध आजही ‘वूड युनिट’मध्ये सांगतात. ते नाव ज्यांचे, ते लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल वूड १९०७ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे जन्मले होते. युरोपात आजही या क्षेत्राचे नेतृत्व विभागलेले दिसते. पॅरिसचे नामांकित केंद्र श्वसनविकारतज्ज्ञांनी घडवले, बोलोन्याचे हृदयरोगतज्ज्ञांनी. सरासरी दाबाची मर्यादा २५ वरून २० वर आणणारी २०२२ ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वेही दोन्ही शाखांच्या संघटनांनी मिळूनच काढली.

हा केवळ मानापमानाचा वाद नाही. या विकाराचे पाच गट आहेत. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोषामुळे दाब वाढला असेल, तर फुप्फुसांच्या वाहिन्या रुंदावणारी महागडी औषधे लाभत नाहीत, प्रसंगी अपायच करतात. सोनोग्राफीसारखी इकोची तपासणी अंदाज देते. गट निश्चित करण्यासाठी अनेकदा उजव्या हृदयात नळी घालावीच लागते. केरळमधील ५० रुग्णालयांतील २,००३ रुग्णांच्या नोंदी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतील सुमारे ६० टक्के रुग्ण याच डाव्या बाजूच्या गटातील होते. नळीची तपासणी मात्र शंभरांतील पाच जणांचीही झालेली नव्हती.

अँजिओप्लास्टी करणाऱ्या कॅथलॅब आता जिल्ह्याच्या गावीही आहेत आणि हीच तपासणी तेथे होऊ शकते. परंतु मिळालेले आकडे वाचण्याचा सराव रोजच्या अँजिओप्लास्टीतून होत नाही. युरोपात २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा केंद्राकडून किमान ५० रुग्णांचा नियमित पाठपुरावा आणि दरमहा दोन नवे रुग्ण, अशी अपेक्षा ठेवली ती यामुळेच. आपल्या शहरातील डॉक्टरांना हे आकडे विचारण्यास रुग्णाने संकोचू नये. पाटीवर ते लिहिलेले नसतात.