सगळ्यांना ॲडमिन करून टाक!

मंडळी, शनिवारी कर्जतला घरी निवांत चहा पीत होतो, तर खोपोलीहून मित्राचा फोन. "अरे, बारा सर्व्हरवर एकदम इन्स्टॉल करायची स्क्रिप्ट लिहिली. सगळीकडे 'ॲक्सेस डिनाइड'! साहेब म्हणतात, त्या अकाउंटला डोमेन ॲडमिन करून टाक."

च्यायला, हाच आपला रामबाण उपाय!

गंमत म्हणजे ते अकाउंट बाराही सर्व्हरवर आधीपासूनच ॲडमिन होतं. अडत होतं वेगळंच. इन्स्टॉलर होता फाइल सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये. पॉवरशेल रिमोटिंगने तुम्ही एका मशीनवर शिरलात, की तिथून पुढे तिसऱ्या मशीनला तुमची ओळख आपोआप पोचत नाही. म्हणजे डोमेन ॲडमिन करूनही हाच एरर आला असता! फाइल आधी प्रत्येक सर्व्हरच्या डिस्कवर कॉपी करायला सांगितली, मग तिथूनच चालवली. झालं काम.

आता कुणी म्हणेल, दिलं ॲडमिन तर बिघडलं कुठे?

जून 2017 आठवा. नॉटपेट्यामुळे आपल्याच रायगडात, न्हावाशेव्याला, मर्स्क ग्रुपच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. नॉटपेट्या एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरायचा तो चोरलेले ॲडमिन पासवर्ड, पीएसएक्झेक आणि डब्ल्यूएमआय वापरून. म्हणजे आपण रिमोट इन्स्टॉलला वापरतो तीच हत्यारं! एक डोमेन ॲडमिन पासवर्ड हाती लागला, की अख्खं नेटवर्क मोकळं.

तेव्हा साहेब, हक्क वाटण्याआधी एवढंच बघा: नकार नक्की कुठल्या मशीनने दिला, आणि कुठल्या अकाउंटला?

असो. चहा गार झाला तो झालाच.