घरची तबकडी आणि वऱ्हाडी वाणी

जुन्या वस्तूंच्या नादी लागलेल्या माणसाची थट्टा करणे हे आपल्या सुशिक्षित समाजात शहाणपणाचे लक्षण समजले जाते. त्यातही कोणी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे एखादे परदेशी कटिंग हेड पैदा करून घरच्या घरी ग्रामोफोनच्या तबकड्या कोरू लागला, म्हणजे तर थट्टेस पारावार राहत नाही. ‘खिशातल्या मोबाइलमध्ये जे एका बोटाने होते, त्यासाठी मणभर लोखंड घरात कशाला?’ असा सवाल टाकून विचारणारा विजयी मुद्रेने चोहोकडे पाहतो. सवाल बिनतोड दिसतो खरा. परंतु तो टाकणाऱ्यांपैकी कितीकांनी आपल्या त्या मोबाइलमध्ये आपल्या आजीचा आवाज जपून ठेवला आहे, एवढेच आम्ही त्यांस उलट विचारतो. उत्तर बहुधा येत नाही; आणि ते का येत नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. ग्रामोफोनची सुई तबकडीच्या चाकोरीत हलते व त्या हलण्याचा आवाज होतो. कटिंग हेडचे काम याच्या नेमके उलटे आहे. बोलणाऱ्याच्या आवाजाचा विद्युत्प्रवाह होऊन तो त्यातील तारेच्या वेटोळ्यातून खेळतो आणि चुंबकाच्या ओढीने नीलमाची कोरणी डावीउजवी थरथरते. ती फिरत्या तबकडीवर टेकलेली असते, व आटे पाडलेला एक लांब दांडा तिला कडेपासून मध्याकडे हळूहळू सरकवीत नेतो. तबकडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, तिजवर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा गुळगुळीत थर. न्यूयॉर्कच्या प्रेस्टो कंपनीने १९३४ च्या सुमारास असल्या तबकड्या बाजारात आणल्या, व पुढे रेडिओ-केंद्रांतून आणि हौशी घरांतून त्यांचा पुष्कळ प्रसार झाला. कोरणीखालून केसासारखे बारीक सूत निघते. ते ठिणगी लागताच भडकते, म्हणून ते सारखे झाडून किंवा हवेने ओढून घ्यावे लागते. जुन्या हेडमधील रबराचे तुकडे वयाने दगडासारखे कडक झालेले असतात. ते बदलल्यावाचून आवाज घोगरा उमटतो. तात्पर्य, काम चिकाटीचे आहे, खेळण्याचे नव्हे.

अशा जुन्या हेडवर जाणकारांचा मुख्य आक्षेप असा की, त्यास फार उंच स्वर नीट कोरता येत नाहीत. सारंगीचा झणत्कार किंवा झांजेची किणकिण त्यात मावळते. आक्षेप खरा आहे. परंतु टेलिफोनची तार पिढ्यान्‌पिढ्या सेकंदास सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांएवढाच पट्टा वाहून नेत आली, आणि तेवढ्यावर आईने मुलाचा आवाज ओळखला, सावकाराने ऋणकोचा ओळखला. मनुष्याच्या बोलण्यास लागते ते या जुन्या यंत्रापाशी पुरेपूर आहे. जे गाण्यास उणे पडते ते बोलण्यास पुरते. मग त्याने काय कोरावे हे त्याच्या घडणीनेच सांगून ठेविलेले नाही काय?

येथे आमचा दुसरा प्रतिपक्षी उभा राहतो, आणि तो थट्टेखोर नसून स्वतः हौशीच आहे. एवढ्या खटाटोपाने यंत्र चालू केले की हा गृहस्थ त्यावर काय कोरतो? तर ज्या नाट्यगीताच्या हजारो प्रती कंपनीने अगोदरच विकल्या, त्याचीच आणखी एक प्रत! बालगंधर्वांचा कंठ अमर व्हावयास आपल्या कोरणीची वाट पाहत नव्हता. विहीर खणावयाची ती नदीच्या पात्रात, असा हा प्रकार आहे.

या उलट्या आवडीचे मूळ ग्रामोफोनच्या इतिहासातच आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला तेव्हा त्या एकाच यंत्रात बोलताही येत असे व ऐकताही येत असे. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस हे सुगंधी तेलाचे व्यापारी. त्यांनी स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत मेणाच्या नळकांड्यांवर रवींद्रनाथांचा आवाज उतरवून घेतला, तो याच यंत्राच्या बळावर. परंतु बर्लिनरच्या १८८७ च्या ग्रामोफोनने बाजार जिंकला, आणि घरी आले ते यंत्र केवळ ऐकविणारे. कोरण्याचा अधिकार कंपनीकडे गेला, कान तेवढे गिऱ्हाइकाकडे राहिले. १९०२ साली गाइसबर्ग साहेब कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे घेऊन गेले, तेव्हापासून काय टिकावे व काय विरून जावे हे बाजार ठरवू लागला. कंपनीस दोष देण्यात अर्थ नाही. तिने तिचा धंदा केला. दोष आपला, की तिच्या यादीत जे नाही ते जपण्याजोगेच नाही, असे आपण मानू लागलो.

अन्य देशांत ही समजूत ज्यांनी मानली नाही त्यांची उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. अमेरिकेत १९३३ साली जॉन लोमॅक्स व त्यांचे चिरंजीव ॲलन यांनी तीनशे पौंडांहून जड असे तबकडी कोरण्याचे यंत्र मोटारीत घालून दक्षिणेतील तुरुंग पालथे घातले, आणि लुइझिआनाच्या तुरुंगात लेडबेली या निग्रो कैद्याची गाणी कोरून घेतली. पुढे लेनिनग्राडमध्ये, सरकारास न रुचणारे संगीत लोकांनी चोरून कोरले ते इस्पितळांनी टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मांवर. बरगड्यांच्या चित्रावर गाणे फिरत असे. एकाने कंपनीच्या यादीबाहेरचे कोरले, दुसऱ्याने सरकारच्या यादीबाहेरचे. आमच्या अकोल्यात कोणी असले यंत्र मांडले, तर त्याने कोणत्या यादीबाहेरचे कोरावे?

आमचे उत्तर एकच: वऱ्हाडी बोली. जी अकोल्याच्या कापूस-बाजारात गाडीच्या जुवाशी उभे राहून भाव ऐकताना बोलली जाते; जी ‘मला’ न म्हणता ‘मले’ म्हणते, ‘का’ न विचारता ‘काहून’ विचारते, आणि डोळ्याचा ‘डोया’ करून त्यात अधिकच पाणी आणते, ती बोली. ग्रियर्सन साहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडीची दखल आहे, व्याकरण आहे, नमुने आहेत. परंतु कागदावर विभक्ती उतरते, हेल उतरत नाही. ‘बाप्पा!’ हा एक शब्द घ्या. तो आश्चर्याचा, की कंटाळ्याचा, की दुःखाचा, हे वऱ्हाडी माणूस केवळ त्याच्या लांबीवरून ओळखतो; ती लांबी कोणत्या टाइपाने छापणार?

याचा सर्वांत मोठा पुरावा श्री गाडगे महाराज. जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी. हातात खराटा, डोईवर मडक्याचे खापर, अक्षरओळख नाही, आणि साऱ्या महाराष्ट्राला रात्र रात्र जागविणारी वऱ्हाडी वाणी. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे. त्यांनी विचारावे व हजारोंनी उत्तर द्यावे. किती मोठमोठ्या लेखकांनी त्यांवर लिहिले! परंतु तो आवाज आज आपल्या कानी पडतो तो मुख्यतः एका ध्वनिफितीमुळे: ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात, झालेले कीर्तन. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २० डिसेंबरला, महाराज गेले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले होते. तबकड्या कोरण्याची यंत्रे जगात वीस वर्षांपासून होती. आणि वऱ्हाडच्या या थोर वाणीचे नाव निघताच आपण बोट दाखवितो ते मुंबईच्या पोलीस ठाण्याकडे. ज्या कोणी ते कीर्तन टिपले त्यांचे उपकार फिटणार नाहीत. मात्र आयुष्याचे कीर्तन एका फितीच्या धाग्यावर लोंबकळावे, यात आम्हा वऱ्हाडकरांस भूषण नाही.

कोणी म्हणेल की, असले जतन हे साहेबी खूळ. तसे म्हणणाऱ्यास आपल्याच भूमीचा विसर पडला आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते कसे? श्रीचक्रधरांचा शब्द ज्याने ज्याने ऐकला होता त्यास गाठून, त्याच्या आठवणी विचारून, नागदेवाचार्यांशी ताडून पाहून. काव्य करण्याचा मोह आवरून, बोलले तसे लिहावे असा हा आग्रह. आणि त्यातून मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ जन्मास आला. मूळ प्रत पुढे धाडीत नष्ट झाली, तेव्हा ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हाइंभटांपाशी कटिंग हेड नव्हते. आमच्यापाशी आहे, आणि म्हाइंभट नाहीत!

आता मोबाइलवाल्यांचा सवाल पुन्हा घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. मोबाइलने ध्वनी अधिक स्वच्छ येतो, खर्च नाही, प्रती हव्या तितक्या. उलट लॅकरची तबकडी नाशवंत आहे: वर्षांनुवर्षांनी थर आकसतो, त्यावर पांढरी साय धरते, आणि प्रत्येक वेळी वाजविताना सुई तिला थोडे झिजवितेच. कोऱ्या तबकड्या तर फार दुर्मिळ झाल्या. कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील मोठा कारखाना ६ फेब्रुवारी २०२० रोजी जळाला, तेव्हा जगाची भिस्त जपानातील एका उत्पादकावर येऊन पडली. म्हणून कित्येक हौशी आता पॉलिकार्बोनेटच्या चकत्यांवर कोरतात. हे सर्व आम्हांस मान्य आहे. तबकडीने मोबाइलची जागा घ्यावी असे आमचे म्हणणेच नाही. आवाज प्रथम मोबाइलवरच घ्यावा, त्याच्या प्रती चार ठिकाणी ठेवाव्या. एकाच प्रतीवर विसंबू नये हा तर लीळाचरित्राचाच धडा आहे.

मग तबकडी कशास? निवडीसाठी. दहा इंची तबकडी ७८ च्या गतीने एका बाजूस सुमारे तीन मिनिटे चालते. मोबाइलमध्ये तीनशे तास मावतात, म्हणून कोणी तीन मिनिटेही ऐकत नाही. यंत्र बदलले की ते सारे कोणत्या पेटीत राहिले याचा पत्ताही लागत नाही. परंतु तीन मिनिटेच मिळणार म्हटले की घरातील मंडळी एकत्र बसतात. आजीने काय सांगावे? जात्यावरची ओवी, की दुष्काळाच्या सालची हकीकत, की पोळ्याला बैलाशी ती जे बोलते ते? या वादासाठी अगोदर तिचे सारे ऐकून घ्यावे लागते. आणि ते ऐकणे, जे आजवर कोणी केले नाही, हीच या यंत्राची खरी कमाई. शिवाय जी वस्तू हाताने केली, जिच्यावर नाव, गाव व साल कोरले, ती फडताळात जागा मागते. नातवास ‘हे काय आहे?’ असे विचारावयास लावते. टाचणी व कागदाचा कर्णा एवढ्यावरही, थोडी झीज सोसून, ती बोलते. तिला गुप्तशब्द लागत नाही की कंपनीची परवानगी लागत नाही.

आणि तरीही खरा अडथळा यंत्राचा नाही, पैशाचा नाही. तो लाजेचा आहे. हे आम्ही परक्यांस सांगत नाही, स्वतःस व या मासिकाच्या वाचकांस सांगतो. वऱ्हाडी बोली कोणी परचक्राने मारली नाही. ती आपण, शिकल्यासवरल्या घरांनी, दिवाणखान्यात पाहुणे आले की हळूच स्वयंपाकघरात लोटली. मूल ‘मले दे’ म्हणाले की आपण त्यास थांबवून ‘मला दे म्हण’ असे शिकविले. शुद्ध भाषा शिकविण्यात पाप नाही. पण शिकविताना आपल्या चेहऱ्यावर जी ओशाळी छटा आली, ती मुलाने शब्दांआधी शिकून घेतली. मग आजी ओटीवर बोलावयाची ती बंद झाली, आणि आता तिच्यापुढे यंत्र धरले तर ती विचारते, ‘माह्या बोलन्यात काय हाये, बाप्पा?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांनी तो तिच्या मनात घातला त्यांची आहे.

म्हणून आमची हौशी मंडळींस विनंती आहे की, नाट्यगीतांच्या प्रतींवर प्रती काढणे त्यांनी आता पुरे करावे. अकोला, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर येथील एकेका वृद्धाची एकेक बाजू कोरावी. त्याची एक प्रत घरी, एक गावच्या वाचनालयात ठेवावी. आणि थट्टेखोरांस विनंती अशी की, त्यांनी लोखंडास खुशाल हसावे. फक्त हसण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध मनुष्यापाशी जाऊन आपला तो मोबाइल एकदा तरी चालू करावा. कटिंग हेड ऐंशी वर्षांनी दुरुस्त होते, त्याचे रबर बदलता येते. आजीचे तसे नाही.