पंचवीस ऐकून बावन्न लिहिणारी मुलं

पहिलीतल्या मुलीला 'पंचवीस' लिही म्हटलं आणि तिने ५२ लिहिलं, की आपण लाल पेनाने फुली मारून मोकळे होतो. ही फुली चुकीच्या माणसाला मिळते, असं माझं म्हणणं आहे.

शब्द नीट ऐका. 'पंच' आधी येतो, 'वीस' नंतर. तिने जसं ऐकलं तसंच उतरवलं. एकोणतीस तर आणखी अवघड. कानावर पडतं तीस आणि लिहायचं २९, कारण 'एकोण' म्हणजे एक कमी. १९ ते ८९ असा हा प्रकार आठ वेळा येतो. तो कुठे अंगवळणी पडतोय तोवर ९९ला अचानक 'नव्याण्णव' हजर! कन्नड आणि तेलुगूत २५चा शब्दच 'वीस-पाच' असा आहे. तिथल्या पोराला हा डोंगर चढावा लागत नाही.

हे सांगायचा प्रयत्न झाला होता. जून २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' धर्तीचं संख्यावाचन आलं आणि अख्खा महाराष्ट्र खो खो हसला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या, की जुने शब्द रद्द केलेले नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून ही वाट दिली आहे. कोण ऐकणार? मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरून विधानसभेत कोट्या झाल्या. व्हॉट्सॲपवर मराठीला श्रद्धांजली वाहून झाली. नॉर्वेने १९५१ साली सरकारी निर्णय घेऊन 'पाच-आणि-वीस'चं 'वीस-पाच' केलं होतं. त्यांची भाषा बुडाली नाही, बोलण्यात जुनी पद्धतही टिकून राहिली.

आपला हशा विरला. मुलं मात्र तिथेच अडकली आहेत.

मी रेवसचा. आमच्या शेजारची एक मुलगी पहिलीत आहे. तिची आजी मासळी विकते आणि ही बाजूला बसून बोंबलांचे वाटे लावते. पाच-पाचचे पाच वाटे झाले की म्हणते, "पंचवीस झाले." एक वाटा गेला की न मोजता सांगते, "वीस उरले." शाळेच्या लेखी चाचणीत तिने ५२ लिहिलं. शेरा मिळाला : संख्याज्ञान कच्चं. आता ती सगळ्यांना सांगते, "मला गणित येत नाही." वय वर्षं सहा! पुढची दहा वर्षं ती हेच वाक्य धरून बसली, तर जबाबदार कोण?

हे फक्त रेवसचं नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १९८०च्या दशकात संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना हिशेब विचारले. धंदा करताना शंभरातले ९८ बरोबर आले. तसेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले, तेव्हा ३७. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास २०२५मध्ये 'नेचर'मध्ये आला, तोही हेच सांगतो. शिवाय उलटंही सांगतो : वर्गात गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळतात. म्हणजे बाजार पुरेसा नाही आणि वहीही पुरेशी नाही. या दोन काठांमध्ये पूल बांधायचा तर तो पहिलीतच बांधावा लागेल.

२०२१च्या 'निपुण भारत' अभियानात पहिलीचं लक्ष्य आहे ९९पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं. लक्ष्य ठीकच आहे. पण मराठीत हेच शब्द सगळ्यात आडमुठे आहेत. म्हणून तपासायची पद्धत बदला. मुलीसमोर चिंचोके ठेवा आणि पंचवीस मोजून दे म्हणा. दहा-दहाचे गठ्ठे करायला सांगा. दोन गठ्ठे आणि पाच सुटे निघाले, की संख्या समजली. ती 'वीस पाच' म्हणाली तर तेही बरोबर धरा. 'पंचवीस' हा शब्द शिकवाच, पण तो भाषेचा धडा आहे. त्यात अडखळली म्हणून गणितात नापासाचा शेरा देऊ नका.

एवढा वेळ कुणाकडे आहे, असं शिक्षक विचारतील. प्रश्न रास्त आहे. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोनच शिक्षक मिळतात आणि त्यांनीच सगळे वर्ग सांभाळायचे. पण पेपर वाटणं, तपासणं, गुण भरणं यालाही वेळ जातोच. तोच वेळ मुलाशेजारी बसायला द्या. शिक्षण हक्क कायद्याचं २९वं कलमही मुलाच्या समजेचं सातत्यपूर्ण मूल्यमापन करा असंच सांगतं.

मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी बावीसला खुशाल बावीस म्हणावं, मीही म्हणतो. फक्त तो शब्द जिभेवर बसेपर्यंत कुठल्याही मुलाला 'तुला गणित येत नाही' असं लिहून देऊ नका.