शेवटचा दिवस कुणाचा?

"तिकडून काय आणलंत?" परदेशाहून परतलेल्या बाईला आपल्याकडे विचारला जाणारा हा पहिला प्रश्न. "तिकडे काय पाहिलंत?" हा नंतरचा. विचारलाच तर!

2023 च्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन मी सिंगापूरला गेले होते. ग्रुप टूर. मर्लायनसमोर फोटो वगैरे सगळं झालं. शेवटचा दिवस मोकळा, विमान रात्रीचं. सासूबाईंचं एकच मागणं होतं, "मला ते ऑर्किडचं उद्यान दाखव गं." डोंबिवलीच्या आमच्या एवढ्याशा गॅलरीत, नारळाच्या सोडणात त्यांनी ऑर्किड जगवलंय. सिंगापूरचं राष्ट्रीय फूलच ऑर्किड. तिथल्या 1859 सालच्या बोटॅनिक गार्डनमध्ये हे उद्यान आहे आणि 2015 मध्ये त्या बागेला युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, हेही मला त्यांनीच कात्रण दाखवून सांगितलेलं.

पण माझ्या पर्समध्ये यादी होती ना! नणंदेला परफ्यूम, जाऊबाईंना टायगर बाम, ऑफिसात वाटायला की-चेन, शेजारच्या काकूंना "काहीही चालेल गं". म्हटलं, आधी लिटल इंडियातल्या मुस्तफात जाऊ, तासाभरात उरकू, मग बाग. मुस्तफात तासाभरात कुणाचं उरकलंय? हे घेऊ की ते, डॉलरचे रुपये किती, बॅगेचं वजन किती... बाहेर आले तेव्हा साडेचार वाजले होते. सासूबाई पिशव्या सांभाळत बसून होत्या. "राहू दे, पुढच्या वेळी बघू," एवढंच म्हणाल्या. लिटल इंडियापासून ती बाग मेट्रोने तिसरं स्टेशन. डोंबिवलीहून स्लो लोकलने मुंब्रा, बस्स!

पुढची वेळ आली नाही. गुडघ्यांमुळे आता त्यांना जिनाही उतरवत नाही. आणि मी ओझं वाहून आणलेली चॉकलेटं? तीच, त्याच कंपनीची, आमच्या स्टेशनजवळच्या दुकानात मिळतात.

खाऊ आणूच नये, असं मी म्हणत नाही. रिकाम्या हाताने घरी येऊ नये, हे आपल्या आयांनी शिकवलं, ते चांगलंच आहे. पण खाऊ आपण आपल्या मनाने आणतो, यादी दुसऱ्याची असते. पुरुषांच्या खिशात अशी यादी मी तरी पाहिली नाही. बाईने चार दिवस मजा केली, तर तिने सगळ्यांना काहीतरी देऊन त्याची भरपाई करायची, असं आपणच धरून चालतो.

आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 साली नवरा सोबत नसताना बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा बाईने समुद्र ओलांडावा का, यावरच केवढा गहजब झाला होता. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आज आपण समुद्र सहज ओलांडतो, पण पलीकडे जाऊनही घरच्यांच्या सामानाच्या रांगेत उभ्या राहतो.

म्हणून मैत्रिणींनो, यादी घेऊच नका. सगळ्यांना मिळून एक खाऊ, तोही पहिल्या दोन दिवसांतच घेऊन टाका. शेवटचा दिवस बघायच्या राहिलेल्या गोष्टीसाठी ठेवा. सोबत वयस्कर माणूस असेल, तर त्याचं मागणं सगळ्यात आधी.

गेल्या महिन्यात भाची परदेशी निघाली. "मामी, तुला काय आणू?" मी म्हटलं, "काही नको. एखादी छान बाग बघ आणि आल्यावर आजीजवळ बसून तिला सगळं सांग."