बाजारपेठ एक झाली. न्याय केव्हा एक होणार?

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ‘एक राष्ट्र, एक कर, एक बाजारपेठ’ ही घोषणा कायद्यात उतरली. राज्यांच्या सीमांवरील तपासणी नाके उठले, मुंबईची जकात इतिहासजमा झाली. त्याच सुमारास मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सोय घरोघर पोहोचली. येवल्याचा विणकर आपली पैठणी बंगळुरूला, कोल्हापूरचा कारागीर आपल्या चपला लखनौला आणि कोकणातील महिला बचत गट आपले कोकम दिल्लीला थेट पाठवू लागला. दलालांची साखळी सैल झाली. स्वदेशीचा आणि अंत्योदयाचा विचार मानणाऱ्या प्रत्येकाला समाधान वाटावे, असेच हे चित्र आहे.

पण या चित्राची दुसरी बाजू कोणी बोलून दाखवत नाही. माल राज्याची सीमा विनासायास ओलांडतो. त्या मालाचे पैसे बुडाले की न्याय मात्र सीमेवरच अडून बसतो.

समजा, येवल्याच्या विणकराने बंगळुरूच्या एका दुकानदाराला ऐंशी हजारांच्या पैठण्या पाठवल्या. मागणी ऑनलाइन आली, निम्मे पैसे आगाऊ मिळाले, उरलेले माल पोहोचल्यावर द्यायचे ठरले. माल पोहोचला. आधी ‘पुढच्या आठवड्यात देतो’, मग ‘रंग फिका वाटतो’, मग फोन बंद. चाळीस हजारांसाठी हा माणूस बंगळुरूला किती खेपा घालणार? परक्या भाषेच्या शहरात वकील कोठे शोधणार? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! म्हणून तो ‘बुडीत’ असे लिहून वही मिटतो. त्या चाळीस हजारांत दोन मागांची कित्येक आठवड्यांची मजुरी असते, हे बुडवणाऱ्याच्या गावीही नसते.

याहून संतापजनक गोष्ट पुढेच आहे. विक्रेता करासाठी नोंदणीकृत असेल, तर त्याला पूर्ण बिलावर कर भरावा लागतो, पैसे मिळोत अथवा न मिळोत. आपल्या वस्तू व सेवा कर कायद्यात बुडीत रकमेवरील कर परत मिळण्याची तरतूदच नाही. म्हणजे बुडवणारा मोकळा आणि बुडालेला सरकारचा देणेकरी!

तराजूचे एक पारडे

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहक असंघटित होता आणि व्यापारी बलवान. ग्राहक चळवळीच्या लढ्याला १९८६च्या कायद्याचे फळ आले. २०१९च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. ग्राहक जेथे राहतो तेथेच त्याला तक्रार करता येऊ लागली. हे योग्यच झाले आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु या कायद्यात ‘ग्राहक’ म्हणजे खरेदी करणारा. ज्याचे पैसे बुडाले तो विक्रेता त्याच्या दारात उभाही राहू शकत नाही. घरगुती वापरासाठी साडी घेणारा बंगळुरूचा ग्राहक येवल्याच्या विणकराला बंगळुरूच्या आयोगासमोर खेचू शकतो. विणकराला मात्र आपल्या पैशांसाठी दिवाणी न्यायालयाच्या जुन्याच वाटेने जावे लागते. १९८६ साली विक्रेता म्हणजे पेठेतील धनवान, हे गृहीतक बहुधा खरे होते. आज विक्रेता म्हणजे घरच्या एका खोलीत लोणची भरणारी भगिनीही असते. दुर्बलाच्या बाजूने उभे राहणे हे ग्राहक चळवळीचे तत्त्व असेल, तर आज दुर्बल कोण, हा प्रश्न नव्याने विचारावाच लागेल. खोटा माल खपवणाऱ्याची वकिली आम्ही करत नाही. त्याला शासन झालेच पाहिजे. प्रश्न खरा माल देऊनही नागवल्या गेलेल्याचा आहे.

म्यानातली शस्त्रे

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण इतकी घोटली आहे, की कायद्याने हाती दिलेली शस्त्रेही म्यानातच गंजत आहेत.

पहिले शस्त्र २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे. लेखी कराराने कितीही मुदत ठरवली, तरी नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने पंचेचाळीस दिवसांच्या आत दिलेच पाहिजेत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने व्याज. सर्वांत मोलाची तरतूद अठराव्या कलमात आहे. खरेदीदार भारतात कोठेही असो, पुरवठादाराच्या राज्यातील परिषद त्याचा खटला चालवू शकते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे, तर खरेदीदाराला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते. विणकराने बंगळुरूला जायचे नाही; बंगळुरूच्या दुकानदाराने महाराष्ट्रात उत्तर द्यायचे! अर्ज ऑनलाइन करता येतो. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. मात्र ती व्यवहाराच्या आधीच केलेली असावी.

दुसरे शस्त्र दिवाणी संहितेचे विसावे कलम. दाव्याचे कारण अंशतः जेथे घडले, तेथेही दावा लावता येतो. आणि पैसे जेथे द्यायचे ठरले, तेही असे ठिकाण असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९च्या ए.बी.सी. लॅमिनार्ट खटल्यात सांगितले आहे. अशा ठिकाणच्या न्यायालयाचे क्षेत्र दोन्ही पक्षांनी करारात आधीच ठरवून घेतले, तर तेही ग्राह्य धरले जाते. तेव्हा मागणी स्वीकारतानाच ‘रक्कम येवला येथे देय, वाद येवल्याच्या न्यायालयात’ ही एक ओळ खरेदीदाराकडून मान्य करून घ्यावी. माल पोहोचल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लागला पाहिजे, हेही ध्यानात असावे. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोडीचा मार्गही खुला आहे. त्याला न्यायालयीन शुल्क लागत नाही.

तिसरे शस्त्र पुराव्याचे. मोबाइलवरील संदेश हा पुरावा आहे, पण त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, म्हणजे खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे निःसंदिग्ध केले आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमातही ते कायम आहे. म्हणून संदेश पुसू नयेत, कुरिअरची पोच फेकू नये.

आणि एक इशारा. पैसे थकले की पोलीस ठाणे गाठण्याची सवय बरी नव्हे. खोटे नाव सांगून किंवा पैसे दिल्याची बनावट पावती दाखवून माल उकळला असेल, तर ती फसवणूक. तेथे १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. संदेशाद्वारे झालेल्या फसवणुकीचा खटला संदेश जेथे मिळाला तेथेही चालू शकतो. पण निव्वळ थकबाकी हा गुन्हा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार बजावले आहे.

तज्ज्ञांचा शहाजोग सल्ला

वातानुकूलित कक्षात बसलेले तज्ज्ञ म्हणतात, ‘सगळे पैसे आगाऊ घ्या, प्रश्नच मिटला.’ ज्याच्या नावाचा देशभर डंका आहे, त्याला हे शक्य आहे. ज्याचे नाव खरेदीदाराने काल प्रथम ऐकले, त्याने आगाऊ पैशांचा हट्ट धरला तर मागणी दुसरीकडे जाते. माल पोहोचल्यावर पैसे घ्यायचे, तर खरेदीदार दारातूनच पार्सल परत पाठवतो आणि जाण्यायेण्याचे भाडे बहुधा विक्रेत्याच्या माथी बसते. कार्डाने आलेले पैसेही खरेदीदाराने बँकेकडे हरकत घेतली की परत ओढले जाऊ शकतात. सावधगिरी हवीच, पण सावधगिरी हा न्यायाचा पर्याय होऊ शकत नाही.

इच्छाशक्ती असेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१४ साली दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालानंतर न वटलेल्या धनादेशाचा खटला देणेकऱ्याच्या बँकेच्या गावी चालवावा लागू लागला. देशभरचे लहान व्यापारी हवालदिल झाले. मोदी सरकारने २०१५ मध्ये आधी अध्यादेश आणि मग दुरुस्ती करून, धनादेश खात्यात भरणाऱ्याच्या बँक शाखेच्या ठिकाणी खटला चालेल, अशी व्यवस्था केली. येणेकऱ्याने देणेकऱ्याच्या मागे भटकू नये, हे तत्त्व संसदेने एकदा मान्य केले आहे. मग धनादेशाला जो न्याय, तो ऑनलाइन व्यवहाराला का नाही?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. ठरावीक रकमेपर्यंतच्या आंतरराज्य थकबाकीचे दावे विक्रेत्याच्या जिल्ह्यात, त्याच्या भाषेत आणि ऑनलाइन सुनावणीने चालावेत. लहान व्यापाऱ्यांना २०२१ साली उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती केवळ प्राधान्य कर्जापुरती. पंचेचाळीस दिवसांचे संरक्षण त्यांनाही मिळावे. आणि सिद्ध झालेल्या बुडीत रकमेवरील कर परत मिळावा. युरोपातील निरनिराळ्या राष्ट्रांनी एकमेकांच्या सीमेपलीकडील लहान रकमांच्या दाव्यांसाठी २००९पासून एक समान, सोपी पद्धत चालवली आहे. सार्वभौम राष्ट्रांना जे जमते, ते एका राष्ट्राच्या राज्यांना जमू नये? आपल्या राज्यघटनेचा २६१वा अनुच्छेद तर सांगतो की, देशाच्या कोणत्याही भागातील दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल देशभर अमलात आणता येईल. घटनाकारांनी न्याय अखंडच कल्पिला होता. तो खंडित केला तो व्यवस्थेच्या आळसाने.

सरकार करील तेव्हा करील. कार्यकर्त्यांनी वाट का पाहावी? प्रत्येक नगरात लघु उद्योग भारतीचे आणि अधिवक्ता परिषदेचे कार्यकर्ते आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ बचत गटांसाठी आणि कारागिरांसाठी द्यावी. उद्यम नोंदणी करून द्यावी, बिलाचा नमुना तयार करून द्यावा, थकबाकीची पहिली नोटीस लिहून द्यावी. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे बुडवणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यामुळे पुष्कळ वेळा त्या एका नोटिशीनेच पैसे मिळतात. आपल्या मालावरचा विश्वास घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाशी व्यवहार करणारा कारागीर नकळत राष्ट्रीय एकात्मतेचेच काम करीत असतो. त्याला एकटे पडू देऊ नये.