कबर कायमची कशाला?



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. दोन तारखेला आपण दफनभूमीत जातो, गवत काढतो, मेणबत्त्या लावतो, फादर कबरींना आशीर्वाद देतात. आणि मग कोणीतरी विषय काढतोच: शहर वाढले, माणसे वाढली, पण दफनभूमीची भिंत आहे तिथेच आहे. जुन्या कबरी उघडून नव्या मृतांना जागा द्यावी, की ऐपत असेल त्याने संगमरवर घालून कबर कायमची करून घ्यावी? माझे मत आधीच सांगते. कबर कायमची नसावी. जागेच्या अडचणीपेक्षाही आपल्या श्रद्धेचा विचार करून मी हे म्हणते.

मृत शरीर जपण्यासाठी प्राचीन इजिप्तइतका खटाटोप क्वचितच कोणी केला असेल. शरीर नष्ट झाले तर आत्म्याला परत यायला ठिकाणच उरणार नाही, अशी त्यांची समजूत. म्हणून पोटातील अवयव काढून ते वेगळ्या बरण्यांत ठेवत, नॅट्रॉन नावाच्या क्षारात देह वाळवत आणि मग तागाच्या पट्ट्यांत गुंडाळत. सगळे सोपस्कार व्हायला सत्तर दिवस लागत. सोबत अन्न, दागिने, खाटा, अगदी नोकरसुद्धा! १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या कबरीत नोकरांच्या ४१३ लहान मूर्ती निघाल्या. परलोकातही राजाला स्वतः राबावे लागू नये म्हणून. गरिबाच्या वाट्याला मात्र वाळूतला खड्डाच येई.

त्यांना हसू नका. एक गोष्ट त्यांना नीट कळली होती. हृदय ते शरीरातच ठेवत, कारण परलोकात न्यायाच्या वेळी हृदय तराजूत घालून सत्याच्या पिसाशी तोलले जाईल, असे ते मानत. सोने तोलले जाणार नाही, हृदय तोलले जाईल, हे फारोलाही ठाऊक होते.

आणि हे केवळ परदेशी लोकांचे वेड नव्हे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी आपली मेलेली लेकरे दोन मातीच्या कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवत आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांची पावले मात्र घोट्यापासून तोडलेली आढळली. मेलेला चालत निघून जाऊ नये म्हणून असे करत असावेत, असे अभ्यासक म्हणतात. आपले माणूस आपल्यापासून दूर जाऊ नये, ही ओढ किती जुनी आहे पाहा.

आता पवित्र शास्त्र उघडा. आपल्याच विश्वासाच्या पूर्वजांपैकी दोघांच्या देहांवर इजिप्तचे हे संस्कार झाले, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात याकोबाच्या देहाला वैद्य मसाला भरतात. त्याला चाळीस दिवस लागतात आणि इजिप्तचे लोक सत्तर दिवस शोक करतात. अध्यायाच्या शेवटी योसेफ वारतो, एकशे दहा वर्षांचा होऊन. त्याच्याही देहाला मसाला भरून तो पेटीत ठेवतात. फारोच्या खालोखाल अधिकार असलेला हा माणूस. हवी तशी कबर त्याला बांधता आली असती. त्याने मागितले काय? देव तुमची भेट घेईल तेव्हा माझ्या अस्थी इथून घेऊन जा, एवढेच. मोशेने त्या अस्थी बरोबर घेतल्या, चाळीस वर्षे त्या लोकांसोबत रानातून फिरल्या आणि शेवटी शखेमात पुरल्या गेल्या. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात योसेफाच्या विश्वासाची साक्ष म्हणून सांगितले आहे ते नेमके हेच. त्याच्या लेखी कबर म्हणजे वाटेतला मुक्काम होता.

आपल्या धर्मसभेने १९६३ मध्ये दहनालाही परवानगी दिली. दफनच अधिक उचित मानले जाते. पण देह राख झाला म्हणून देवाचे हात बांधले जात नाहीत. आपली आशा मसाल्यावर नाही, दगडावरही नाही. रिकाम्या कबरीवर आहे.

कोणी म्हणेल, "बाई, तुम्हाला बोलायला काय जाते? माझे लेकरू तिथे आहे." हे दुःख खरे आहे, आणि इनामगावच्या आईचेही ते तसेच होते. म्हणूनच हे काम घाईने किंवा परस्पर होता कामा नये. कुटुंबाला आधी कळवावे, प्रार्थना करून अस्थी आदराने काढाव्यात, भिंतीतल्या कोनाड्यात नावानिशी ठेवाव्यात. मुंबईत, गोव्यात ही रीत जुनी आहे. आणि नियम सर्वांना एक असावा. ज्याच्याकडे पैसा त्याची कबर कायमची आणि गरिबाची पाच वर्षांत उकरायची, असे झाले तर आपण फारोचेच राज्य चालवतो आहोत.

हुबळी-धारवाडमधल्या आपल्या कित्येक घरांचे आजोबा-पणजोबा नोकरीधंद्यासाठी इकडे आले. त्यांचे आईवडील कुठल्या मातीत आहेत, हे आज अनेकांना सांगता येणार नाही. म्हणून देव त्यांना विसरला का?

या नोव्हेंबरात संगमरवराचा खर्च मनात असेल तर थोडे थांबा. मृताच्या नावाने मिस्सा अर्पण करा, एखाद्या गरजू मुलाची फी भरा, ज्या भावाशी बोलणे टाकले आहे त्याच्या दारी जा. तोलले जाणार आहे ते हृदय. दगड इथेच राहील.